चांदीचा मासा आणि तिरकी भोकं

शनिवार, ३ सप्टेंबर

रेडिओवरची बाई म्हणते, मनात साठलेलं रोज लिहून काढावं, रक्तदाब उतरतो. मला अक्षर येत नाही. पण साठायला अक्षर कुठे लागतं, ते आपोआप साठतं. म्हणून रोज जेवणं झाली की मी बोलणार आणि माझी सून नाजिहा लिहिणार, असं ठरलं. तिने तोंड वाकडं केलं. म्हटलं, तेही लिही. लिहिलंय की नाही ते मला कळणार नाही, पण वरचा वाचतो.

तर आज आमच्या कारखान्यात मशीन आली. भोकं पाडायची. बंद पडलेल्या जहाज-दुरुस्तीच्या गोदीतून घेतलेली, म्हणजे जुनीच, पण आम्हाला नवी. हिरवीगार आणि माझ्या दुप्पट उंच. माझा मुलगा तिजानी तिच्याभोवती अशा घिरट्या घालत होता की लग्नात नाजिहाभोवतीही घातल्या नव्हत्या. (पेन नीट धर गं. मी खोटं बोलतेय का?)

मशीन आणली ती सी मोन्सेफच्या कामासाठी. आमच्या स्फाक्स शहराच्या बाहेर त्याचा तेलघाणा आहे. जैतुनाच्या हंगामाआधी नवीन दाबयंत्रं बसवायची आहेत, त्यांची लोखंडी झाकणं आणि झाकणाखालची कडी आम्ही करायची. झाकण तीन बोटं जाड, कडंही तेवढंच. दोन्हीत गोल ओळीने भोकं, एकावर एक ठेवलं की बोल्ट आरपार गेला पाहिजे. काम पसंत पडलं तर दरवर्षी त्याचं सगळं काम आमच्याकडे. नाही पडलं तर तिजानी इटलीला. तिकडे मझाराला नाजिहाच्या भावाने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. जाड लोकरीचा कोटही आणलाय, कपाटात मागे लपवलाय. मला माहीत नाही असं त्याला वाटतं. कपाट पुसतं कोण?

एकदा तो गेला की दिवाळखोर नवाबासारखी मी या घरात एकटी. ही पण जाईल त्याच्या मागे, पोरं घेऊन. जाऊ देत. माझा चहा मला करता येतो.

संध्याकाळी समोरच्या कारखान्याचा हाज बेशीर आला. मशीनभोवती फिरला. "चांगली आहे," म्हणाला. मग म्हणाला, "मजबूत आहे." मग म्हणाला, "फार चांगली आहे," आणि गेला.

तबारकल्ला म्हणाला नाही. एकदाही नाही! दुसऱ्याच्या वस्तूचं कौतुक करायचं आणि अल्लाचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे नजरेला हाताला धरून घरात आणून बसवणंच झालं. हजला जाऊन आलेला माणूस!

बुधवार, ७ सप्टेंबर

आज बंदोबस्त केला.

कारखान्यात माझ्या नवऱ्याच्या हातची एक लोखंडी पाटी आहे. मशीनच्या टेबलावर ती बसवायची आणि तिच्यावर काम बांधून भोक पाडायचं. ती सपाट करायला त्याने एक अख्खा हिवाळा घातला. निळा रंग लावायचा, उंचवटा दिसला की खरवडायचा, परत रंग. त्या हिवाळ्यात माझे सगळे टॉवेल निळे झाले. तिजानी म्हणतो, टेबल कसंही असो, वर बाबांची पाटी असली की भोक सरळच जाणार.

मी चहा घेऊन गेले तेव्हा टेबल पुसून तयार होतं आणि पाटी भिंतीला टेकवून उभी होती. तिजानी पाना आणायला मागे गेला. मी पाटीपाशी जरा वेळ एकटी होते.

पुढचं सांगणार नाही. ताईत कुठे ठेवला ते बोललं की त्याची ताकद जाते. एवढं लिही, की घरून निघताना मी मेणबत्तीचा तुकडा बरोबर घेतला होता, आणि तिजानीने परत येऊन पाटी टेबलावर ठेवली, बोल्ट आवळले आणि बापाच्या पाठीवर मारावी तशी तिच्यावर थाप मारली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. कांदा चिरून आले होते, त्याचं असेल.

शनिवार, १० सप्टेंबर

पहिलं झाकण आणि पहिलं कडं झालं. तिजानीने एकावर एक ठेवलं, पहिला बोल्ट घातला. अर्ध्यात अडकला. दुसरा घातला, अडकला. हातोडी घेतली. मी म्हटलं, "अरे, सासरी चाललेल्या नवरीसारखं ढकलू नकोस त्याला." तो हसला नाही.

मग झाकण उलटं करून बघितलं. वरून सगळी भोकं जिथल्या तिथे. खालून बघावं तर सगळी एका बाजूला सरकलेली, जणू खालच्या अंगाने वाऱ्याने ढकलली.

समोरच्या दारात हाज बेशीर उभा होता, हात मागे बांधून. त्याने मान हलवली. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या मोजून आले.

रविवार, ११ सप्टेंबर

आज सांगण्यासारखं काही नाही. नाजिहा म्हणते, मग लिहायचं कशाला. तर हे लिही, की कालच्या सूपमध्ये मीठ नव्हतं.

बुधवार, १४ सप्टेंबर

तिजानीने बाजारातून नवीन ड्रिल आणलं. तिरकं. दुसऱ्या दुकानातून आणलं. तिरकं. धार परत लावली. तिरकं. मशीनचं डोकं उघडलं, आतल्या बेअरिंगवर कान ठेवून ऐकलं, हात लावून बघितलं, परत बंद केलं. टेबलावर काटकोनाचा गुण्या उभा करून बघितला, मशीन सरळ. मशीन सरळ आणि भोक तिरकं! याला नजर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

हाज बेशीर न बोलावता आला. म्हणाला, "तिजानी, पोरा, गुण्या टेबलावर नको, पाटीवर लावून बघ."

तिजानी लाल झाला. "हाज, ती बाबांच्या हातची पाटी आहे."

"माहीत आहे. मी होतो तेव्हा. तरी लावून बघ."

"बाबांच्या पाटीवर गुण्या लावायचा म्हणजे बाबांना विचारायचं, खरं बोलताय ना? मी नाही विचारणार."

शाबास माझ्या वाघा! मेलेल्या माणसाच्या कामावर बोट ठेवतो हा म्हातारा. आधी नजर लावायची, मग दोष माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर घालायचा.

पण मी रागावले नाही. मी ठरवलं, याच्या तोंडून तो शब्द काढायचाच. एकदा म्हणाला की नजर उतरली. चहा घेऊन त्याच्या कारखान्यात गेले.

"हाज बेशीर, आमची मशीन कशी वाटली?"

"चांगली आहे, लल्ला मन्नूबिया."

"चांगली आहे, आणि?"

"आणि मजबूत आहे."

"आणि?"

त्याने आमच्या दाराकडे बघितलं. "आणि हिरवी आहे?"

"हिरवी वस्तू बघितली की माणूस काय म्हणतो?"

"काय म्हणतो?"

"तुम्हीच सांगा की, मक्केला जाऊन आलात."

त्याने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "चहात पुदिना छान आहे."

त्याबद्दलही तबारकल्ला म्हणाला नाही! घरी येऊन मी उरलेला चहा ओतून दिला.

संध्याकाळी नाजिहाने दागिन्यांचा डबा उघडला. विचारते, "उम्मी, तुमच्या लग्नातला चांदीचा मासा कुठाय? मला देणार होतात ना?" म्हटलं, कामावर गेलाय. ती म्हणाली, "मासा?" म्हटलं, या घरात कुणीतरी कामावर जायला नको? आता ती माझ्याकडे बघतेय. बघू नकोस, लिही.

शनिवार, १७ सप्टेंबर

हाज बेशीरच्या घरी माशाची थाळी पाठवली. वरून शांत, आत हरीसा, लाल मिरचीचा ठेचा, तोही मी स्वतः कुटलेला. त्याची बायको झोहरा सांगत होती, हाजने सगळं खाल्लं, घाम पुसला आणि म्हणाला, "बऱ्याच वर्षांनी जिवंत असल्यासारखं वाटलं." या माणसाला काही लागतच नाही.

थाळी पाठवण्याआधी मी माशाचं शेपूट काढून ठेवलं होतं. उन्हात वाळवलं, लाल कापडात शिवलं. लग्नातला मासा नजर अडवताना बिचारा एकटा पडला असेल, नजर मोठी आहे, त्याला सोबत हवी. कारखान्यात गेले तर तिजानीने कसलीशी साफसफाई करायला पाटीचे बोल्ट ढिले केले होते. जिथे थोडी फट दिसत होती तिथे... नाही, सांगणार नाही. लाल कापड बसायला जरा दाबावं लागलं, एवढंच.

मंगळवार, २० सप्टेंबर

आणखी तिरकी. आता उलटं करून बघायचीही गरज नाही. मांजर बघेल आणि सांगेल.

सी मोन्सेफ आला होता. चांगला माणूस आहे, मोठ्याने बोलत नाही, त्यामुळे जास्त लागतं. झाकण हातात घेतलं, भोकातून एक डोळा लावून बघितलं, खाली ठेवलं. "तिजानी, तुझ्या वडिलांमुळे काम तुला दिलं. येत्या सोमवारपर्यंत थांबतो. नंतर मला सूसला जावं लागेल, तिथे एक कारखाना आहे."

तो गेल्यावर तिजानी घरी आला, कपाट उघडलं आणि तो कोट काढला. आरशासमोर घालून बघितला. सप्टेंबरात, या उकाड्यात! मी दारातून म्हटलं, "बाह्या लांब आहेत."

"तिथे थंडी असते, उम्मी."

"मग हातमोजे पण विणू का?"

"तू इथे एकटी कशी राहशील, तेच कळत नाही."

"मी? मी मशीनशी गप्पा मारीन. तुझ्यापेक्षा जास्त बोलते ती."

तो हसला. तो हसला की त्याच्या बापासारखा दिसतो. नाजिहा, हे खोड. खोडलंस? खरं सांग.

गुरुवार, २२ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिही, शब्द गाळू नकोस.

सकाळी हाज बेशीर आला आणि तिजानीला म्हणाला, "तुझी मशीन रुसली आहे, तिला रुसू दे. माझी म्हातारी रिकामी उभी आहे. तुझी झाकणं आण, तिच्यावर मार."

तिजानीने नको म्हटलं. हाज म्हणाला, "नको काय नको. तुझ्या बापाने मला ड्रिल धरायला शिकवलं. मी तुला मशीन दिली तर उपकार नाही, उशीर झाला आहे."

मी दारात, हातात मिठाची पुरचुंडी. त्याच्या उंबऱ्यावर टाकायला निघाले होते. ती अंगावर पांघरलेल्या पांढऱ्या सफ्सारीआड धरली.

तिजानी त्याच्या मशीनवर उभा राहिला. लोखंडाचा कीस गुंडाळत गुंडाळत वर येत होता, पांढऱ्या साबणाच्या पाण्यात. भोक आरपार गेलं. हाजने गुण्या लावला, मागे सरकला, तिजानीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तबारकल्ला. बापाचा हात आहे या पोरात."

म्हणाला! मागितल्याशिवाय म्हणाला, आणि मशीनला नाही, माझ्या मुलाला.

मग मला कळलं. हा माणूस लोखंडाला तबारकल्ला म्हणत नाही. लोखंड त्याच्या लेखी लोखंडच. शब्द माणसासाठी राखून ठेवतो. आणि मी त्याला हरीसा खाऊ घातला.

घरी येऊन मीठ आमटीत टाकलं. जास्त झालं. सगळ्यांनी पाणी पिऊन पिऊन संपवली.

शनिवार, २४ सप्टेंबर

झाकणं, कडी, सगळी सरळ. बोल्ट सोडला की आपोआप खाली जातो, लोण्यात सुरी जावी तसा. सगळ्यात मोठी जोडी तेवढी राहिली आहे, ती आज दुपारी मारायची. सोमवारी सी मोन्सेफची गाडी येणार. तिजानी शिट्टी वाजवतो आहे. कोट अजून खुंटीवर आहे, पण आता त्याच्या खिशात नाजिहाने कसर लागू नये म्हणून लसूण ठेवलाय, म्हणजे कोट जाणार नाही असं तिलाही वाटतंय.

माझं मन मात्र शांत नव्हतं. ज्याच्यावर खोटा आळ घेतला त्याचं ऋण कसं फेडायचं? मिठाई पाठवली तर झोहराला मधुमेह. मग सुचलं. आमच्या मशीनला नजर कुणाची लागली हे अजून कळलेलं नाही. ती नजर इकडेतिकडे फिरतेच आहे. उद्या हाजच्या मशीनवर बसली तर? त्याचं भलं करायचं तर एकच मार्ग.

सकाळी सगळे चहाला बसले तेव्हा मी त्याच्या कारखान्यात गेले. त्याच्या मशीनवरही तशीच पाटी आहे. मोठी जोडी नीट बसावी म्हणून पाटी पुढे सरकवायची होती, बोल्ट ढिलेच होते. माझ्याकडे चांदी उरली नव्हती, म्हणून माझ्या कानातला एक डूल लाल कापडात शिवून नेला होता. जाड आहे, चांगला. आमच्या पाटीखाली चांदीचा मासा घातला ना, तसाच याच्या पाटीखाली, उजव्या कोपऱ्यात, आत ढकलून दिला. आता सांगायला हरकत नाही, काम झालंय. आता हाजच्या मशीनला कुणाची नजर लागणार नाही.

नाजिहा? लिहायची थांबलीस का? काय म्हणतेस, कुठल्या पाटीखाली? सांगितलं ना, उजव्या कोपऱ्यात. तिजानीने मारायला सुरुवात केली असेल एव्हाना, ऐकू नाही का येत आवाज. अगं, अगं चपला तरी घाल

मंगळवार, २७ सप्टेंबर

काल सी मोन्सेफची गाडी भरून गेली. सगळ्या जोड्यांतून बोल्ट गेले, मोठ्या जोडीतूनही. तो म्हणाला, पुढच्या वर्षीही, आणि तेल निघालं की पहिल्या दिवशी सगळ्यांनी घाण्यावर यायचं, उम्मीला घेऊन.

शनिवारचं अर्धवट पान नंतर पुरं करून घेतलं. त्या दिवशी नाजिहा अनवाणी धावत गेली ती हाजच्या कारखान्यात. मशीन फिरत होती, ड्रिल झाकणापासून बोटभर वर होतं, आणि हिने दोन्ही हातांनी तिजानीचा हात धरला. का, विचारलं तर म्हणाली, "पाटीखाली कानातलं पडलंय." हाज म्हणाला, "कुणाचं?" ही म्हणाली, "माझंच." बोल्ट सोडून डूल काढला, परत आवळले, मग भोक मारलं. तिथून आमच्या कारखान्यात गेली, आमची पाटी उचलायला लावली, आणि बापाची पाटी तिजानीने बसवल्यापासून पहिल्यांदा उलटी केली तर खाली मेणात चिकटलेला माझा मासा आणि शेपूट. तिने ते चटकन मुठीत घेतलं. तिजानीला म्हणाली, कचरा अडकला होता. कचरा! चांदी आहे ती.

मग पाटी परत बसवली. भोक मारलं. सरळ. तिजानीने पाटीवर हात ठेवला. म्हणाला, "बाबा खरं बोलत होते."

रात्री नाजिहा मला म्हणते, "उम्मी, भोकं तिरकी झाली ती तुमच्या माशामुळे." म्हटलं, "बरी आहेस ना? नखाएवढी चांदी. ते एवढं मोठं लोखंड तिने हलवलं?" तर ती मला ताटाखाली चमचा ठेवून आमटी कशी एका बाजूला जाते ते दाखवायला लागली. मी आमटी पिऊन टाकली. तिला म्हटलं, तुझं म्हणणं असेल तर तिजानीला सांग की. ती म्हणाली, नाही सांगणार. मी म्हटलं, मला काय भीती आहे का कुणाची, सांग खुशाल. पण नको सांगूस.

मला वाटतं चूक वेगळीच झाली. ताईत पाटीखाली लपवला तर नजरेला तो दिसणार कसा? नजर येते ती वरून. दारावर शेपूट टांगतात ते उगाच नाही. नाजिहाने मासा आता मशीनच्या डोक्यावर, वर, तारेने बांधलाय, हसत हसत. बघ, वर बांधल्यापासून एक भोक तिरकं नाही. पण हे मी तिला म्हणणार नाही, तिलाही काही श्रेय राहू दे.

कोट तिजानीने परत केला नाही. कारखाना बंद करताना तो मशीनवर पांघरूण म्हणून घालतो. बाह्या बरोबर होतात तिला.

नाजिहाने माझा हात भाकरीवर ठेवून शपथ घ्यायला लावली, की यापुढे कुठल्याही यंत्राच्या कुठल्याही पाटीखाली काही ठेवणार नाही. घेतली. मी दिलेला शब्द मोडत नाही. सी मोन्सेफच्या घाण्यावर जाईन तेव्हाही पाटीखाली काही ठेवणार नाही.

ते दाबयंत्र आतून पोकळ असतं म्हणे. त्याबद्दल शपथेत काही नव्हतं.